भावाचा रेझ्युमे कोणी बघून सांगेल का? डिप्लोमा मेकॅनिकल, ५ वर्षं अनुभव, १४ महिने गॅप

निगडीकर_ताई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर हलवा.

प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे. वय २७, मेकॅनिकल डिप्लोमा, ६४ टक्के. भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये ५ वर्षं होता, आधी व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) ऑपरेटर आणि शेवटची दोन वर्षं मशीन आणि इन्स्पेक्शन दोन्ही बघायचा. मागच्या वर्षी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. आई एकटी, माझं लग्न झालेलं आणि नोकरी, मग त्यानेच काम सोडलं आणि १४ महिने बाबांचं अंघोळीपासून फिजिओथेरपीपर्यंत सगळं केलं. आता बाबा काठी घेऊन चालतात. तो तीन महिने नोकरी शोधतोय, ६० एक ठिकाणी रेझ्युमे टाकला असेल, फोन आले दोन, त्यातला एक रजिस्ट्रेशन फी मागणारा.

रेझ्युमे कोपऱ्यावरच्या सायबरवाल्याने करून दिलाय, दोन पानी. सुरुवात अशी आहे, 'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट व्हेअर आय कॅन युटिलाइज माय स्किल्स फॉर द ग्रोथ ऑफ ऑर्गनायझेशन अँड मायसेल्फ'. मग दहावीपासून शिक्षणाचा तक्ता. मग अनुभव, त्यात तीन ओळी: 'वर्क्ड अ‍ॅज व्हीएमसी ऑपरेटर, हँडलिंग मशीन, मेंटेनिंग क्वालिटी'. मग हार्डवर्किंग, पंक्चुअल, टीम प्लेअर. हॉबी क्रिकेट आणि गाणी ऐकणं. मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, अविवाहित, आणि शेवटी 'आय हिअरबाय डिक्लेअर' वगैरे.

मी अकाउंट्समध्ये, मला त्याच्या लाइनमधलं काही कळत नाही. पण पोरगं हुशार आहे हो, आणि आता तोच म्हणायला लागलाय की माझ्यात काही नाही म्हणून फोन येत नाहीत. हे ऐकवत नाही म्हणून इथे लिहिलं.

झुणका_भाकर
आधी एक. नोकरी लावतो म्हणून कोणी एक रुपया जरी मागितला तरी फोन ठेवायचा. रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, मेडिकल, लॅपटॉप डिपॉझिट, काहीही नाव देतात. बाकी जाणकार सांगतीलच.

रेवा_एचआर
ताई, मी ९ वर्षं पुणे भागात ऑटो पार्ट्सवाल्यांसाठी भरती करतेय, त्यामुळे पलीकडून कसं दिसतं ते सांगते.

६० ठिकाणी टाकला म्हणजे ६० जणांनी वाचून नाकारला असं अजिबात नाही, बहुतेक ठिकाणी तो उघडलाच नसणार. आम्ही नोकरी डॉट कॉमच्या रेझडेक्समध्ये, म्हणजे त्यांच्या रेझ्युमेंच्या साठ्यात, शब्द टाकून शोधतो. आज चाकणला व्हीएमसी सेटर, म्हणजे नव्या कामासाठी मशीन लावून देणारा, हवा असेल तर मी टाकते व्हीएमसी, फॅनक, सेटिंग, ३ ते ६ वर्षं, पुणे. वर फिल्टर लावते की गेल्या महिन्याभरात जे साइटवर येऊन गेलेत तेवढेच दाखव. तुमच्या भावाने 'हँडलिंग मशीन' लिहिलंय. हा शब्द जगात कोणी सर्चमध्ये टाकत नाही. मशीनचा कंट्रोल, म्हणजे ते चालवणारी कॉम्प्युटर यंत्रणा, कुठल्या कंपनीचा, फॅनक की सिमेन्स, ते नसेल तर तो माझ्या यादीत येणारच नाही, मग तो कितीही चांगला कारागीर असू दे.

म्हणून आज रात्रीच दोन गोष्टी करा. साइटवर नावाखाली जी हेडलाइन असते तिथे ऑब्जेक्टिव्ह नको, थेट 'व्हीएमसी ऑपरेटर-सेटर आणि क्वालिटी इन्स्पेक्टर, ५ वर्षं, फॅनक' असं लिहा. आणि दर दोन-तीन दिवसांनी त्याला लॉगिन करायला सांगा.

धर्म, वडिलांचं नाव, लग्न झालंय का, शेवटचं डिक्लेरेशन, हे सगळं काढा. मला कामाला माणूस हवाय, या माहितीचं मी काहीच करत नाही.

कट्ट्यावरचा
धर्म, वडिलांचं नाव, अविवाहित, हॉबी... आता फक्त रास, गण, नाडी टाका, एकाच कागदात नोकरी आणि छोकरी दोन्ही :)

चिंगी
@कट्ट्यावरचा हसू नका, आमच्या मावसभावाने घाईत खरंच चुकीची फाइल पाठवली होती. तिकडच्या बाईंनी फोन करून सांगितलं की मामाकुळ वगैरे सगळं उत्तम आहे, आता अनुभवाचं पान पाठवा. आणि तिथेच लागला तो!

मुळामुठा
रेवा, डिक्लेरेशनबद्दल असहमत. आमच्याकडे शॉप फ्लोअरच्या लोकांकडून सही-तारखेसकट मागतात.

रेवा_एचआर
@मुळामुठा, तुमच्या गेटवर जो छापील फॉर्म भरून घेतात त्यात ते असतंच ना, तिथे सही होते. रेझ्युमेतल्या त्या चार ओळींच्या जागी कामाच्या चार ओळी येतात, एवढाच माझा मुद्दा. ज्याला हवं त्याने ठेवावं, त्यावरून कोणी नापास होत नाही.

लातूरकर_सर
विषयांतर होतंय पण धर्म-जात काढा म्हणताना क्षेत्र बघा. आमच्या शिक्षण खात्यात प्रवर्ग लिहावाच लागतो कारण भरती बिंदुनामावलीवर, म्हणजे आरक्षणाच्या क्रमतक्त्यावर, चालते. आणि २०१७ पासून पवित्र पोर्टल आल्यावर शिक्षक भरतीत रेझ्युमेला फारशी जागा उरली नाही, मुख्यतः टेटचे म्हणजे अभियोग्यता चाचणीचे गुण आणि प्रमाणपत्रं. माझ्या वेळी बायोडाटा हाताने लिहून, सुवाच्य अक्षरात, संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी नेऊन द्यायचो. अक्षरावरून माणूस ओळखायचे तेव्हा.

श्टुटगार्टकर
इकडे जर्मनीत लेबन्सलाउफ म्हणतात, तक्त्यासारखा, जन्मतारीख असते, फोटो कायद्याने सक्तीचा नाही पण अजून पुष्कळ लोक लावतात, खाली गाव, तारीख आणि सही. मी तोच अमेरिकेतल्या एका जागेसाठी पाठवला तर तिथल्या मित्राने आधी फोटो आणि वय काढायला लावलं, कारण तिथे वय, वंश, धर्म यावरून भेदभावाचे खटले होतात, कंपन्यांना ती माहिती हातातच नको असते. त्यामुळे 'फोटो हवा की नको' याला एक उत्तर नाही, कागद कुठे जाणार ते आधी ठरवा. गल्फचा विचार असेल तर तिकडे फोटो, पासपोर्ट, व्हिसाची स्थिती, ड्रायव्हिंग लायसन्स सगळं विचारतात.

एक मात्र इकडचं घेण्यासारखं आहे. महिन्यासकट तारखा लिहायची पद्धत. नुसतं '२०१९ ते २०२४' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी लपवतोय.

टॉलरन्स_काका
निगडीकर ताई, मी ३१ वर्षं क्वालिटीत काढली, शेवटची १२ विभागप्रमुख म्हणून, आता निवृत्त. शेकडो पोरांच्या मुलाखती घेतल्यात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वाचायला कंटाळू नका.

तुमच्या भावाच्या तीन ओळी वाचून मला त्याच्याबद्दल शून्य कळलं. 'मेंटेनिंग क्वालिटी' म्हणजे काय केलं? व्हर्नियर धरला? बोअर (आतलं गोल भोक) मोजायचा गेज धरला? पहिला पीस पास करायचा अधिकार त्याच्याकडे होता का दुसऱ्या कोणाकडे? जॉब, म्हणजे मशीनवर कापायचे तुकडे, कास्टिंगचे होते की बारचे, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती, शंभर मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काम आणि वीस मायक्रॉनचं काम यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) स्वतः द्यायचा की सेटर येऊन द्यायचा? ड्रॉइंग वाचता येतं का, त्यातल्या जीडी अँड टीच्या, म्हणजे आकारात किती फरक चालेल ते सांगणाऱ्या, खुणा कळतात का? मला हे हवंय. हे त्याच्याकडे आहे अशी माझी खात्री आहे, पाच वर्षं छोट्या वर्कशॉपमध्ये काढलेला पोरगा मोठ्या प्लँटमधल्या पोरापेक्षा जास्त हात घालतो, कारण तिथे सांगायला दुसरं कोणी नसतं. पण ते कागदावर आलेलं नाही आणि येणारही नाही, कारण तो इंग्रजीत विचार करायला बसला की त्याला सायबरवाल्याचीच वाक्यं आठवणार.

म्हणून माझं ऐका. रेझ्युमे बाजूला ठेवा. संध्याकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसा आणि मराठीत विचारा, 'सकाळी गेल्यापासून सुटेपर्यंत काय करायचास ते सांग'. मध्ये बोलू नका, जसंच्या तसं लिहून घ्या आणि इथे टाका. वर्कशॉपचं आणि गिऱ्हाइकांचं नाव तेवढं गाळा.

मी_वैदेही
काका +१. मी पाच वर्षांच्या ब्रेकनंतर परत लागले तेव्हा माझ्या आधीच्या बॉसने मला हेच करायला लावलं होतं. अडीच पानं बोलले मी, आणि रेझ्युमेत त्यातलं एक अक्षर नव्हतं.

डेटाभाऊ
एवढं कशाला, चॅटजीपीटीला सांगा, दोन मिनिटांत देतो.

रेवा_एचआर
@डेटाभाऊ, देतो, आणि तोच रेझ्युमे मला दिवसात चाळीस जणांकडून येतो. 'रिझल्ट ड्रिव्हन प्रोफेशनल विथ प्रूव्हन ट्रॅक रेकॉर्ड'. सायबरवाल्याचं चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट गेलं आणि हे आलं. इंग्रजी तपासून घ्यायला वापरा, जरूर वापरा, पण माहिती पोराचीच पाहिजे. त्याला ठाऊक नसलेलं एखादं सॉफ्टवेअर ते मशीन बिनधास्त घालून देतं आणि मुलाखतीत पोरगा उघडा पडतो.

निगडीकर_ताई
काका, काल बसले त्याच्यासमोर. आधी 'त्यात काय सांगायचं' म्हणत होता, मग दीड तास बोलला. त्याच्याच शब्दांत टाकतेय:

'सातच्या शिफ्टला सव्वासहाला निघायचो. गेल्यावर आधी एअर प्रेशर आणि कूलंट बघायचं, मशीन दहा मिनिटं रिकामी फिरवायची. आमच्याकडे तीन व्हीएमसी, दोन फॅनकवर, एक सिमेन्स. जॉब बदलला की फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारा साचा) लावायचं, डायल फिरवून सरळ घ्यायचं, जी५४ (जॉबचा शून्य बिंदू) घ्यायचा, टूलच्या लांब्या घ्यायच्या. प्रोग्राम सर बनवायचे पण फीड-स्पीड आणि छोटे बदल मीच करायचो. पहिला पीस काढून पूर्ण मोजायचा, रिपोर्ट भरायचा, मग लॉट सुरू. नंतर तासाला एक पीस. व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज, बोअर गेज, प्लग गेज सगळं वापरायचो. सीएमएम (मापं घ्यायचं मशीन) आमच्याकडे नव्हतं, बाहेर पाठवायचो, पण रिपोर्ट वाचता येतो. माल जायच्या आधी तपासणीचा पीडीआय रिपोर्ट मीच करायचो.

एक अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग होतं, पातळ भिंतीचं. त्याचा बोअर मशीनवर मोजला की बरोबर आणि गिऱ्हाइकाकडे गेला की ओव्हल. शंभरात सहा-सात परत यायचे. सर म्हणायचे टूल खराब आहे, दोन वेळा नवीन इन्सर्ट (टूलची कापणारी पाती) लावले, तेच. मग मी एकदा पीस फिक्स्चरमध्ये असतानाच मोजला आणि क्लॅम्प सोडून परत मोजला, तर तीस मायक्रॉनचा फरक. म्हणजे क्लॅम्प जास्त आवळला जात होता, दाबलेल्या अवस्थेत बोअर गोल व्हायचा आणि सोडला की पीस स्वतःच्या आकारात परत जायचा. मी सरांना म्हणालो टॉर्क पाना आणू. तो आणला, किती आवळायचं ते ठरवलं, फिनिश कटच्या आधी क्लॅम्प थोडा सैल करायचा असं केलं. मग शंभरात एखादा यायचा. वहीत लिहिलंय मी सगळं.'

मी विचारलं की अरे हे रेझ्युमेत का नाही. तर म्हणाला, 'ते कामच होतं ना ताई, त्यात लिहायचं काय.' मंडळी, पाच वर्षं हा मुलगा माझ्यासमोर डबा घेऊन जायचा आणि तो तिथे काय करतो हे मला काल कळलं.

टॉलरन्स_काका
पोरी, हा मुलगा माझ्यासमोर आला असता तर मी दहाव्या मिनिटाला हो म्हटलं असतं.

क्लॅम्प सोडून मोजायचं सुचणं ही साधी गोष्ट नाही. डिग्रीवाले इंजिनियर इन्सर्ट बदलत बसतात, मी पाहिलंय. आणि तो म्हणतो त्यात लिहायचं काय! कारागिराच्या घरात हीच अडचण, चांगलं काम केलं ते बोलून दाखवायचं नसतं अशी शिकवण असते. शिकवण सोन्यासारखी आहे पण रेझ्युमे हा एकच कागद असा आहे जिथे ती बाजूला ठेवावी लागते. बढाई नको, नुसती घडलेली गोष्ट लिहा.

आता कागद असा करा. एकच पान. वर नाव, मोबाइल, मेल, गाव निगडी. त्याखाली दोन ओळी: व्हीएमसी ऑपरेटर-सेटर आणि क्वालिटी इन्स्पेक्टर, ५ वर्षं, तीन अक्षी व्हीएमसी, फॅनक आणि सिमेन्स, अ‍ॅल्युमिनियम आणि जे काही कास्ट आयर्नचं केलं असेल ते. मग लगेच अनुभव, शिक्षण खाली. अनुभवात पहिली ओळ त्या हाउसिंगची. इंग्रजीत अगदी छोटी वाक्यं करा. 'फाउंड दॅट बोअर ओव्हॅलिटी केम फ्रॉम एक्सेस क्लॅम्पिंग. इंट्रोड्यूस्ड टॉर्क रेंच. रिजेक्शन केम डाउन फ्रॉम ६-७ टक्के टु १ टक्का.' एवढंच. मग सेटिंग, ऑफसेट, पहिला पीस, तासाची तपासणी, पीडीआय. उपकरणं एका ओळीत नावानिशी, सोबत बारीकातला बारीक टॉलरन्स किती सांभाळला तो आकडा. शिक्षणात दहावी लिहायची गरज नाही, डिप्लोमा पुरे.

वही जपून ठेव म्हणावं, मुलाखतीला बरोबर ने. त्यात गिऱ्हाइकाची ड्रॉइंग असतील तर ती मात्र दाखवायची नाहीत, ती आपली नाहीत.

मुळामुठा
काका, सगळं पटलं पण टक्के लिहिण्याबद्दल सावध करतो. हल्ली सगळेच आकडे लिहितात, ३० टक्के खर्च वाचवला, ४० टक्के उत्पादन वाढवलं. मी एकदा एकाला विचारलं, कशाचे ४० टक्के, आधी किती पीस निघायचे? गप्प. तिथेच मुलाखत संपली.

टॉलरन्स_काका
@मुळामुठा बरोबर. ज्या आकड्याच्या मागे वही आहे तोच लिहायचा. याच्या मागे आहे.

कट्ट्यावरचा
आता गॅपचं बोला. माझ्या ओळखीत एक जण आहे, एक्सपिरियन्स सर्टिफिकेट देतो, १४ महिने भरून निघतील. सगळेच करतात.

रेवा_एचआर
@कट्ट्यावरचा, कृपा करून असा सल्ला देऊ नका, मी पोटतिडकीने सांगतेय. कंपन्या आता जॉइनिंगला यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मागतात. पीएफच्या खात्यात कुठल्या कंपनीत कधी लागलो आणि कधी सोडलं ते तारखेसकट दिसतं. खोटं सर्टिफिकेट दिलेल्या एका मुलीला मी स्वतः तिसऱ्या आठवड्यात घरी पाठवताना पाहिलंय, काम चांगलं करत होती, रडत गेली. आणि ते ज्याने दिलं तो पैसे घेऊन मोकळा.

आजारी वडिलांची सेवा केली यात लपवायचं काय आहे? एक ओळ: 'जून २०२४ ते ऑगस्ट २०२५, वडिलांच्या आजारपणात घरी देखभाल, आता पूर्ण वेळ उपलब्ध.' तारखा तुमच्या खऱ्या घाला. शेवटचे चार शब्द महत्त्वाचे, कारण समोरच्याच्या मनात गॅपपेक्षा 'हा परत मध्येच जाईल का' ही भीती असते.

मी_वैदेही
गॅपची ओळ अनुभवाच्या क्रमातच घाला, शेवटी तळटीप केल्यासारखी नको. मी आधी कव्हर लेटरमध्ये माफी मागितल्यासारखं लिहायचे, ते काढल्यावर माझं मलाच बरं वाटलं.

निगडीकर_ताई
रेवा, पण त्याच्या वर्कशॉपमध्ये ११च माणसं होती, पीएफ कापतच नव्हते. मग अनुभव सिद्ध कसा करायचा? मालकांनी जागा विकून काम बंद केलंय, ते आता गावी असतात.

रेवा_एचआर
२० पेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ नसणं शक्य आहे, त्याचं टेन्शन घेऊ नका. पगार बँकेत यायचा का? पाच वर्षांचं स्टेटमेंट काढा, त्यावर पगार देणाऱ्याचं नाव असतं. ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर ते. जुन्या मालकांना फोन करून एक साधं पत्र मागा, लेटरहेड शिल्लक असेलच, लागल्याची आणि सोडल्याची तारीख, काय काम करायचा, आणि त्यांचा फोन नंबर. छोटे मालक देतात हो, फक्त मागायला संकोच होतो.

बाकी वाचणाऱ्यांसाठी: ज्यांचा पीएफ आहे आणि जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेली नाही, त्यांनी यूएएनच्या साइटवर स्वतः भरायची सोय आहे, शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती करता येते. ही तारीख रिकामी असल्यामुळे पुढे खूप लोक अडकतात.

चिंगी
त्या दोन महिन्यांचं माहीतच नव्हतं, आजच करते. धन्यवाद रेवा!

श्टुटगार्टकर
दिसण्याबद्दल कोणी बोललं नाही. कॅनव्हावरचे दोन रंगी दोन कॉलमवाले नमुने, स्किलच्या पुढे पाच ठिपके, असलं काही करू नका. कंपनीचं सॉफ्टवेअर तो कागद डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जातं आणि डाव्या कॉलममधला मोबाइल नंबर उजवीकडच्या डिप्लोमात घुसतो. घरी तपासायची सोपी रीत: पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे वाचता आलं तर मशीनलाही वाचता येतं. काहीच पेस्ट झालं नाही तर तो फोटो आहे, अक्षरं नाहीत.

लातूरकर_सर
हे करून बघितलं. माझ्या पुतण्याचा रेझ्युमे नोटपॅडमध्ये आला तो पार भेळ होऊन. त्याला लगेच फोन केला.

शिरोलीचा_फाउंड्रीवाला
कोल्हापूरकडून बोलतोय. शिरोलीला आमचं मशीन शॉप, ४० माणसं. आम्ही रेझडेक्स-बिझडेक्स वापरत न्हाई. पोरगं गेटवर येतंय, न्हाईतर व्हॉट्सअ‍ॅपवर कागद येतोय. मी मोबाइलवर उघडतो, वरच्या चार ओळी दिसत्यात, तिथं मशीन आणि कंट्रोल दिसला तर बोलावतो, न्हाई दिसला तर खाली कोण सरकवत बसत न्हाई. आल्यावर ड्रॉइंग हातात देतो आणि वाच म्हणतो. मराठीत लिहिलेला कागद आला तरी मला चालतंय. पण रेवाताई म्हणत्यात ते मोठ्या प्लँटाला खरं हाय, तिथं कागद बघणारा माणूस कुठं चेन्नैला बसलेला असतोय.

ताई, तुमच्या भावाची बोअरची गोष्ट मी आमच्या सेटरला वाचून दाखवली. आमच्याकडं बी एका पातळ कव्हरला हाच त्रास चाललाय. उद्या क्लॅम्प सोडून मोजायला सांगितलंय. पोराला कोल्हापूर चालत असंल तर कळवा.

निगडीकर_ताई
दादा, वाचून दाखवलं त्याला. काही बोलला नाही, पण नंतर दोनदा येऊन माझ्या मोबाइलवर तुमची पोस्ट वाचून गेला. बाबांमुळे कोल्हापूर सध्या जमणार नाही, पण मनापासून आभार.

नवीन रेझ्युमे झाला. एक पान. इंग्रजी मी लिहिलं, तांत्रिक शब्द त्याने तपासले. मालकांशी बोलणं झालं, ते तर म्हणाले पत्र काय, मी स्वतः फोनवर सांगेन. फाइलचं नाव 'न्यू रेझ्युमे फायनल २' होतं ते बदलून त्याचं नाव आणि व्हीएमसी-क्वालिटी असं केलं. मेल आयडी कॉलेजमधला होता, त्यात रॉकस्टार होतं, तोही बदलला.

टॉलरन्स_काका
छान. एक राहिलं, 'बेसिक नॉलेज ऑफ पीपीएपी' (गिऱ्हाइकाकडून पार्ट मंजूर करून घ्यायची पद्धत) असं काही घातलं असेल तर काढा. एक तर केलंय किंवा नाही केलंय. बेसिक नॉलेज लिहिलं की मी नेमका तिथेच प्रश्न विचारतो.

निगडीकर_ताई
घातलं होतं. काढलं :)

झुणका_भाकर
मोबाइलवर अनोळखी नंबर ब्लॉक करणारं सेटिंग बंद आहे ना तेही बघा. आमच्या शेजारच्या मुलाचे तीन इंटरव्ह्यू कॉल त्यातच गेले.

मुळामुठा
तीन आठवडे झाले. ताई, काही कळलं का?

निगडीकर_ताई
लिहिणारच होते, ऑडिट चालू होतं म्हणून राहिलं. या तीन आठवड्यांत सात फोन आले. दोन कन्सल्टन्सीचे, ते सोडून दिले. तीन ठिकाणी मुलाखत झाली. एका ठिकाणी गॅपवरून पगार कमी सांगितला, तो नाही म्हणाला. तळेगावच्या एका कंपनीत क्वालिटीच्या मॅनेजरांनी रेझ्युमे टेबलावर ठेवला, त्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि कागद-पेन पुढे करून म्हणाले, फिक्स्चर काढून दाखव. दोघांची चाळीस मिनिटं त्यावरच गेली. वडिलांबद्दल एवढंच विचारलं की आता तब्येत कशी आहे. काल दुसरी फेरी झाली, कागदपत्रं मागितलीत, पगार आधीपेक्षा साडेचार हजारांनी जास्त सांगितलाय. पत्र हातात आलं की कळवते.

घरी आला तेव्हा बाबांना टेबलावर वाटी उलटी ठेवून, दोन बोटांनी दाबून बोअर ओव्हल कसा होतो ते समजावत होता.

टॉलरन्स_काका
पत्रात पद काय लिहिलंय ते नीट वाचा. इन्स्पेक्टर म्हणून घेतात आणि ट्रेनी लिहितात, असं होता कामा नये. आणि पहिल्या दिवसापासून नवी वही.

लातूरकर_सर
ताई, फार बरं वाटलं. काका, माझ्या त्या पुतण्याचंही असंच बघाल का? आयटीआय वेल्डर आहे, ३ वर्षं अनुभव, त्यानेही नुसतं 'वेल्डिंग वर्क' लिहिलंय.

टॉलरन्स_काका
सर, त्याला विचारा टिग करतो की मिग की आर्क, प्लेट की पाइप, ३जी पर्यंत की ६जी (वेल्डिंगच्या पोझिशन) केलंय, जाडी किती, आणि रेडिओग्राफीला त्याचे किती जॉइंट पास झाले. जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत इथे टाका. नवीन धागा काढा म्हणजे सापडेल सगळ्यांना.